फुसका बार : जुन्या पद्धतीने घरी भरलेल्या काडतुसांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका लहान ट्रॅप-शूटिंग क्लबमधले आहे. ट्रॅप म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या छर्‍यांच्या बंदुकीने फोडण्याचा खेळ. तिथे मी दर शनिवारी गुणलेखनाचे आणि मैदानावरच्या सुरक्षेचे काम पाहतो. ओहायोत या खेळाची मुळे खोल आहेत. ट्रॅपची सर्वांत मोठी मानली जाणारी ग्रँड अमेरिकन स्पर्धा अनेक दशके याच राज्यात, व्हँडेलिया येथे भरत असे. २००६पासून ती इलिनॉयमधील स्पार्टा येथे भरते, पण इथल्या घराघरांतली काडतुसे भरण्याची यंत्रे काही स्पार्टाला गेली नाहीत. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरापुरती काडतुसे घरी भरायला परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतात मात्र १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा तयार करणे हेच परवान्याच्या कक्षेत येते. वाचकांनी पुढचे सर्व अमेरिकेतल्या परिस्थितीपुरतेच समजावे.

ज्यांच्याबाबत हे घडले त्यांना या लेखात मी काका म्हणतो, कारण क्लबमधली आम्ही मराठी मंडळी त्यांना तशीच हाक मारतो. ते निवृत्त यंत्र अभियंते आहेत. त्यांचे बालपण कोकणात गेले. तिथे आजोबांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोअरची बंदूक होती, आणि काडतुसाच्या तोंडावर बसवलेली ती गोल चकती, तिच्यावर छापलेला छर्‍याचा आकडा, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आजही जसेच्या तसे आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका वृद्ध शेतकऱ्याच्या कुटुंबाकडून दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली एक इंग्लिश दुनळी विकत घेतली. तिच्या नळ्यांच्या पोटाशी २½ आणि १⅛ औंस असे शिक्के होते. पहिला आकडा चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेची, लांबी इंचांत सांगतो, तर दुसरा ती बंदूक जास्तीत जास्त किती वजनाच्या छर्‍यांसाठी चाचणीत उतरली ते सांगतो.

आजच्या बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाची लांबी २¾ इंच असते, आणि ही लांबी तोंड उघडलेल्या पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या कवचाची, असते. असे काडतूस आखूड चेंबरमध्ये बसते खरे, पण बार निघताना त्याचे तोंड उलगडते आणि नळीच्या अरुंद होत जाणाऱ्या भागात घुसते. तेवढ्याने दाब वाढतो. म्हणून जुन्या बंदुकीसाठी आखूड काडतूसच लागते. तशी तयार काडतुसे मिळतात, परंतु महाग पडतात. काका दहा-बारा वर्षे आपल्या आधुनिक बंदुकीसाठी घरीच काडतुसे भरत होते, तेव्हा याही बंदुकीसाठी आपणच भरावीत असे त्यांना वाटले, यात नवल नव्हते.

मुरडीचे दोन प्रकार

पुढचे समजण्यासाठी काडतुसाची रचना थोडक्यात सांगायला हवी. पुंगळीच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर असतो. त्यावर बिनधुराची दारू, दारूवर वॅड, वॅडवर छर्रे आणि शेवटी बंद केलेले तोंड. १९६०च्या दशकापासून वॅड म्हणजे बहुधा प्लॅस्टिकचा एकसंध तुकडा असतो. त्याच्या खालच्या वाटीसारख्या कडा दाबाने फुगून नळीला चिकटतात आणि वायू पुढे निसटू देत नाहीत, वरच्या पेल्यात छर्रे बसतात. त्याआधीची रीत वेगळी होती. दारूवर जाड पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर दाबून घट्ट केलेल्या तंतूंची जाड गादी, मग छर्रे आणि सर्वांत वर पातळ चकती.

तोंड बंद करण्याच्या प्रकाराला आपल्या स्वयंपाकघरात चपखल शब्द आहे, मुरड. आजच्या काडतुसाची मुरड मोदकाच्या कळ्यांसारखी असते. सहा किंवा आठ चुण्या मध्यभागी येऊन मिटतात. जुनी मुरड करंजीच्या काठासारखी, मात्र सबंध गोलाकार. पुंगळीची कड आत वळवून पातळ चकतीवर दाबलेली. ही गोल मुरड घालण्याचे हत्यार ड्रिल प्रेसला लावतात. ते सावकाश फिरत पुंगळीच्या ओठावर टेकते, घर्षणाने प्लॅस्टिक जेमतेम गरम होते आणि कड आपोआप आत वळते. काकांच्या तळघरात मी ते पाहिले आहे. हात हलका असेल तर कडेवर तकतकीत वेढा उमटतो, जोर जास्त पडला तर पुंगळीच मधून चुरगळते.

काकांनी जुन्या पद्धतीकडे वळण्यामागे केवळ आठवण नव्हती. क्लबच्या मैदानापलीकडे शेजारच्या शेतकऱ्याचे गवताचे रान आहे, आणि गवताच्या गठ्ठ्यांत प्लॅस्टिकचे वॅड सापडतात अशी त्याची रास्त तक्रार होती. पुठ्ठा आणि तंतू पावसापाण्यात कुजून जातात. हे कारण मला तेव्हाही पटले होते आणि आजही पटते.

समस्या कशी रुजली

त्या शरद ऋतूत काकांनी जे केले ते असे. त्यांच्याकडे वापरलेल्या २¾ इंची पुंगळ्या ढिगाने होत्या. ट्रॅपवाल्यांना आवडणाऱ्या, अनेकदा भरता येणाऱ्या, आतून बुडाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या. त्या त्यांनी पाव इंच कापून आखूड केल्या. दारूचे माप आणि प्रायमर त्यांनी आपल्या नेहमीच्या, पुस्तकात छापलेल्या आणि अनेक वर्षे निर्धोक चाललेल्या कृतीतलेच ठेवले. छर्रे एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम घेतले, जे बंदुकीवरच्या शिक्क्यापेक्षा कमीच होते. बदलल्या त्या दोनच गोष्टी : प्लॅस्टिकच्या वॅडऐवजी चकती आणि गादी, आणि चुण्यांच्या मुरडीऐवजी गोल मुरड.

एका संध्याकाळी त्यांनी मला विचारले, "वॅड बदललं तर चालेल ना? मला वाटतं दाब उलट कमीच होईल." मी म्हणालो, "कमी होणार असेल तर काळजी कसली, काका? भीती असते ती जास्तीची." या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच होता, आणि तिथे माझे उत्तर चुकले. काडतुसे भरणारे आम्ही सगळे वाढलेल्या दाबाला घाबरत मोठे झालो, त्यामुळे कमी दाब म्हणजे सुरक्षित हे कोणीही न तपासलेले गृहीतक आमच्या मनात घट्ट बसले होते.

त्या सकाळी काय घडले

जानेवारीतला शनिवार होता, तापमान उणे ९ अंश सेल्सिअस. काकांनी भरलेली तीन डब्यांतली ७५ काडतुसे रात्रभर गाडीच्या डिकीत पडून होती. खेळ दुहेरीचा होता, म्हणजे मातीच्या दोन तबकड्या एकाच वेळी उडतात आणि दोन बार लागोपाठ टाकायचे असतात. पहिल्या पाच जोड्या व्यवस्थित झाल्या. सहाव्या जोडीला उजव्या नळीचा बार फुसका निघाला, पण क्षणभरात डाव्या नळीचा बार दणदणीत वाजला आणि तबकडी फुटली. प्रत्येकाच्या कानांवर संरक्षक होते. दोन आवाज एकमेकांत मिसळून गेले. मी कागदावर पहिली तबकडी चुकली, दुसरी लागली अशी नोंद केली आणि पुढे पाहू लागलो. काकांनी बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीवर झुकवून उघडली, दोन्ही पुंगळ्या काढल्या, दोन नवी काडतुसे घातली आणि बंदूक मिटली.

शेजारच्या जागेवर उभी असलेली एक तरुण अमेरिकन नेमबाज मात्र जमिनीकडे पाहत होती. काकांच्या पुढ्यात दहा-बारा पावलांवर ताज्या बर्फावर छर्‍यांचा करडा पट्टा पसरला होता, जणू कोणी मूठभर मोहरी सांडली असावी, आणि जवळच पातळ चकती पडली होती. तिने हात वर करून सगळ्यांना थांबवले. काकांनी तबकडी मागण्यासाठी तोंड उघडलेच होते.

बंदूक मोडून, काडतुसे काढून मी नळ्या आभाळाकडे धरून पाहिल्या. डाव्या नळीत प्रकाशाची स्वच्छ वर्तुळे दिसली. उजवीत अंधार होता. मागच्या तोंडापासून साधारण ३० सेंटीमीटरवर तंतूंची गादी आणि पुठ्ठ्याची चकती अडकून बसली होती. ती लाकडी दांड्याने ढकलून काढावी लागली. त्या अडथळ्यावर मागून पुरा बार आला असता तर नळी तिथेच फुगली वा फाटली असती. या जुन्या दुनळ्यांचा पुढचा लाकडी भाग इतका निमुळता असतो की डावा हात थेट नळ्यांवर धरावा लागतो, आणि काकांचा हात नेमका त्याच जागी होता.

बिघाड शोधताना

उरलेली ६३ काडतुसे बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी आम्ही काकांच्या तळघरात बसलो. दारूचे माप चुकले असावे, असा सगळ्यांचा पहिला संशय. वीस काडतुसे उघडून प्रत्येकातली दारू तोलली, तेव्हा तो संशय गेला. मापे जवळजवळ एकसारखी होती. मात्र काही काडतुसांतली दारू काढताना तिचे दाणे वरच्या गादीच्या तंतूंत रुतलेले आढळले, आणि तिथून धागा सापडला.

पुठ्ठ्याच्या या चकत्या मुळात सरळ भिंतीच्या पुंगळीसाठी कापलेल्या असतात. निमुळत्या पुंगळीत खाली ढकलताना चकतीची एक बाजू आधी अडते आणि ती तिरकी बसते. वरून पाहणाऱ्याला गादी दिसते, चकती दिसत नाही. तिरक्या चकतीच्या फटीतून दारू वर सरकली होती, आणि बाराच्या वेळी त्याच फटीतून वायूही पुढे निसटला असणार.

दुसरा दोष तोंडाशी होता, आणि तो मला अधिक शिकवून गेला. चुण्यांच्या मुरडीत पुंगळीच्या तोंडाचा साधारण १२ मिलिमीटर भाग दुमडला जातो. पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर कापल्यावर त्या सुरकुतलेल्या भागाचा अर्धा तुकडा पुंगळीवर उरतो. गोल मुरडीलाही तेवढाच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर भाग लागतो. म्हणजे काकांची प्रत्येक गोल मुरड नेमकी आधीच मोडलेल्या, ताठरपणा गेलेल्या प्लॅस्टिकवर पडत होती. दिसायला वेढा सुबक होता. अंगठा टेकवून फिरवला तर नऊ काडतुसांतली वरची चकती चक्क गरगर फिरली.

बिनधुराची दारू उघड्यावर पेटवली तर शांतपणे जळते. ती कोंडली गेली तरच तिला जोर येतो, आणि दाब जितका वाढेल तितकी ती भरभर जळते. काकांनी घेतलेली कृती चुण्यांच्या घट्ट मुरडीचा आणि प्लॅस्टिकच्या पक्क्या झाकणाचा विरोध गृहीत धरून लिहिलेली होती. खाली वायू निसटत होता, वर तोंड सहज उघडत होते, आणि भर म्हणून कडाक्याची थंडी. हे तिन्ही एकत्र आल्यावर दारू अर्धवट जळून विझली. छर्रे बाहेर ढकलण्यापुरता जोर निघाला, गादी बाहेर काढण्यापुरता नाही.

समोर असलेले पर्याय

काकांच्या मनात सर्वांत आधी आला तो उपाय दारू थोडी वाढवण्याचा. अभियंत्याला ते स्वाभाविक वाटते, जोर कमी पडला तर इंधन वाढवा. त्यावर आमचा तासभर वाद झाला. माझे म्हणणे असे होते की या खेपेतली सगळीच काडतुसे कमजोर नव्हती. ज्यांत चकती सरळ बसली होती ती ठीक वाजली होती. दारू वाढवली तर कमजोर काडतूस कदाचित सुधारेल, पण चांगले काडतूस नव्वद वर्षांच्या नळीत किती दाब उभा करील हे आम्हा दोघांना मोजता येणार नव्हते. शेवटी काकांनीच वहीत दोन आडव्या रेघा ओढल्या, एक दाबाच्या खालच्या मर्यादेची, एक वरची, आणि म्हणाले, "पसारा तेवढाच ठेवून सगळंच वर सरकवतोय मी. पसारा कमी करायला हवा." वाद तिथे संपला.

पुन्हा प्लॅस्टिकचे वॅड आणि चुण्यांची मुरड घ्यावी, हा सर्वांत सोपा मार्ग होता. पण मग शेजाऱ्याच्या गवताचा प्रश्न तसाच राहत होता, आणि आखूड पुंगळीत तेही वॅड उंचीला बसवण्यासाठी निराळी, छापील कृती शोधावीच लागली असती. तयार आखूड काडतुसे विकत घेणे हाही पर्याय होता आणि तो आम्ही तात्पुरता स्वीकारला. चौथा मार्ग वेळखाऊ होता : जुनी पद्धतच ठेवायची, पण तिला लागणारे सगळे घटक तिच्याच घरातले घ्यायचे.

केलेली कारवाई

बंदूक प्रथम जुन्या इंग्लिश बंदुकांची माहिती असलेल्या कारागिराकडे गेली. त्याने चेंबर, नळ्यांचा आतला व्यास आणि भिंतींची जाडी मोजली. नळी फुगलेली नव्हती. तोवर ती कपाटात कुलूपबंद राहिली.

७५पैकी उरलेले एकही काडतूस वापरायचे नाही, हा निर्णय काकांना जड गेला. छर्रे परत वापरता आले. उघडलेली दारू पुन्हा डब्यात ओतली नाही, कारण तंतूंचा चुरा मिसळलेली दारू मापात काय देईल ते सांगता येत नाही. पुंगळ्या टाकून दिल्या.

मग सरळ भिंतीच्या, एकदाही न वापरलेल्या, २½ इंचीच बनवलेल्या पुंगळ्या मागवल्या. दारू उत्पादकाच्या प्रसिद्ध कोष्टकात त्याच पुंगळीसाठी, तंतूंच्या गादीसाठी आणि गोल मुरडीसाठी दिलेली कमी दाबाची कृती निवडली, आणि त्यातला प्रायमरही अदलाबदल न करता घेतला. ते आकडे मी मुद्दाम इथे देत नाही. ते त्या घटकांच्या जोडणीपुरतेच खरे आहेत, आणि एखादा वाचक त्यातला एकच आकडा उचलेल ही धास्ती मला या प्रकरणानंतर कायम वाटते.

भरण्याच्या कामात काकांनी एक छोटी भर घातली, ती मला फार मोलाची वाटते. चकती आणि गादी एकत्र ढकलण्याऐवजी ते आता आधी चकती सपाट टोकाच्या लाकडी दांड्याने बसवतात. दांड्यावर पेन्सिलची एक रेघ आहे. चकती नीट बसली तर रेघ पुंगळीच्या काठाशी येते, तिरकी असेल तर काठाच्या वर राहते. गादी घातल्यावर दुसरी रेघ. गाद्या तळघरातल्या उघड्या पिशवीत असत, त्या आता घट्ट झाकणाच्या डब्यात असतात, कारण दमटपणाने तंतू फुगतात आणि मग मुरडीला जागा पुरत नाही.

पहिली दहा काडतुसे शुल्क घेऊन दाब मोजून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवली. पुढची काही रात्रभर थंडीत व्हरांड्यात ठेवून दुसऱ्या सकाळी मैदानावर एकेक करून उडवली, आणि प्रत्येक बारानंतर नळीतून आरपार पाहिले.

परिणाम

प्रयोगशाळेच्या अहवालात दाब बंदुकीला मानवेल इतका कमी होता आणि काडतुसा-काडतुसांतला फरक लहान होता. आमच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. मार्चपासून काका पुन्हा त्या दुनळीने खेळतात, आणि आजवर फुसका बार निघालेला नाही. खर्च मात्र वाढला. नव्या पुंगळ्या, चकत्या, गाद्या आणि लागणारा वेळ धरला तर घरी भरण्यात फारशी बचत उरत नाही, आणि केवळ पैसे वाचवण्यासाठी ही पद्धत कोणी निवडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शेजाऱ्याच्या गवतात निदान काकांकडून प्लॅस्टिक जात नाही.

वेगळे काय करता आले असते

काकांनी दोन घटक एकाच वेळी बदलले नसते, तर दोष लवकर सापडला असता. पण त्याहून आधीची चूक म्हणजे चालू कृतीतला वॅड ही सुटी वस्तू समजणे. पुंगळीची आतली घडण, वॅडची उंची, मुरडीचा प्रकार आणि दारूचा वेग हे सगळे मिळून एक कृती होते. एखादे काडतूस नमुन्यादाखल उघडून, आडवे कापून पाहिले असते तरी तिरकी चकती पहिल्याच दिवशी दिसली असती.

माझ्या बाजूने दोन गोष्टी. शरद ऋतूतल्या त्या प्रश्नाला मी ऐकीव उत्तर दिले. तिथे "पाहून सांगतो" एवढे म्हणणे पुरेसे होते. आणि त्या सकाळी चुकलेल्या तबकडीची नोंद करताना ती का चुकली याकडे माझे लक्ष नव्हते. दुहेरी खेळात दुसऱ्या बाराचा आवाज पहिल्याची उणीव झाकतो, आणि दुनळीत दुसरी नळी निर्वेध असल्यामुळे पहिल्या नळीचा दोष तिथेच लपून राहतो. एकनळी बंदूक असती तर कदाचित धक्का कमी बसल्याचे काकांच्या खांद्याला लगेच कळले असते.

आता घरी भरलेली काडतुसे घेऊन येणाऱ्याला आम्ही दुहेरीत प्रत्येक जोडीनंतर, बंदूक मोडलेली असतानाच, दोन्ही नळ्यांतून पाहायला सांगतो. याला चार-पाच सेकंद लागतात. सुरुवातीला काही जुन्या सभासदांनी कुरकुर केली. त्या दिवशी नळीतून निघालेली गादी आणि चकती आम्ही गुणलेखनाच्या टेबलावरच्या काचेच्या बरणीत ठेवली आहे. कुरकुर करणाऱ्याच्या हातात ती बरणी द्यायचे काम काकांनी स्वतःकडे घेतले आहे.